४०७ ले ९० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तरी व्होल्टेज पडूनच राहिलं

संत्रावाला_वरुड
राम राम मंडळी. माह्याकडं जुनी टाटा ४०७ (लहान ट्रक) हाय, वरुड-मोर्शीकडचा संत्रा नागपूरच्या कळमना मार्केटले टाकतो. सध्या मृगाचा माल चालू हाय, दिवसभर तोड चालते अन् गाडी भरायले रात्रच होते, बगीच्यात लाइनचा काही भरोसा नाही म्हणून गाडीवरच इन्व्हर्टर बसवला, त्याच्यावर १०० वॅटचे चार फ्लड लाइट अन् वजनकाटा चालते. आधीचा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करते तो) याले पुरत नव्हता म्हणून ९० चा टाकला. आता इंजिन चालू अन् बाकी सगळं बंद ठेवलं त बॅटरीवर १४.१ व्होल्ट दाखवते, एकदम मस्त. पण हेडलाइट, केबिनचा पंखा अन् इन्व्हर्टर चालू केला का स्लोमध्ये (रेस न देता इंजिन नुसतं चालू) सरळ १२.४ वर येते अन् थोड्या वेळानं इन्व्हर्टर कुईकुई करायले लागते. रेस दिली त १३, त्याच्यावर जातच नाही. बॅटरी मागच्या दिवाळीची हाय. गावातला वायरमन म्हणते अल्टरनेटर बोगस हाय, दुकानदार म्हणते बेंचवर लावून दाखवतो, पुरे ९० देते. कोणाचं ऐकू? कोणाले असा अनुभव असन त सांगा.

टायरवाला_पुसद
बॅटरी लहान पडून राहिली भाऊ. डबल बॅटरी टाका, विषय खतम.

वायरिंगमास्तर_वर्धा
डबल बॅटरीनं काही होणार नाही. टाकीत मोटरीचं पाणीच कमी येत असेल तर टाकी मोठी करून काय उपयोग, उलट भरायला अजून वेळ लागेल.

संत्रावाले भाऊ, दुकानदार आणि वायरमन दोघांनाही सध्या बाजूला ठेवा. तुम्ही फक्त बॅटरीवर मोजलं, त्यावरून अल्टरनेटर चांगला का वाईट हे कळतच नाही. साधा डिजिटल मीटर घ्या, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सगळा लोड चालू करा, कोणाला तरी रेस धरून बसवा आणि मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टला म्हणजे बी प्लसला, दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीला म्हणजे थिंबलला नाही, बॅटरीच्या शिशाच्या खांबालाच पिन टेकवायची. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज मधल्या वायरीत मरतंय. ०.२, फार तर ०.३ चालतं. मग तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा, तिथं ०.२ च्या वर नको. लोड बंद ठेवून मोजाल तर दोन्हीकडं शून्याच्या जवळच दिसेल, करंटच वाहत नाही तर ड्रॉप कुठून येणार. तुमचे १४.१ त्यामुळंच मस्त दिसतात.

आणि हो, बॅटरीची वायर काढून गाडी बंद पडते का पाहायची जुनी सवय अजून बऱ्याच मेकॅनिकना आहे. ते अजिबात करू देऊ नका. चालू गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, वरून तुमचा इन्व्हर्टर, सगळंच जाऊ शकतं.

रातपाळी_हिंगणघाट
मास्तर बरोबर बोल्ले पण भाऊची खरी अडचण स्लोमध्ये हाय ना, माल भरताना गाडी उभीच राह्यते. ९० अँपिअर हा आकडा अल्टरनेटर ६००० आरपीएमवर फिरत असतानाचा राह्यते, स्लोमध्ये तो पंधराशे-अठराशेवर फिरते, तिथं निम्मे भेटले तरी पुष्कळ. त्यातून गरम झाला का अजून कमी. पुली मोजली का? बरेच मोठे अल्टरनेटर मोठ्या पुलीसोबत येते, पुली मोठी म्हणजे अल्टरनेटर हळू फिरते. आधीच्या ४५ वाल्यावर लहान पुली असन त स्लोमध्ये नवा जुन्यापेक्षा फार काही जास्त देत नसन.

आणखी एक, भरताना हेडलाइट कायले चालू ठेवता जी? दहा-अकरा अँपिअर तिथंच गेले.

जुगाडू_दारव्हा
यावर सोपा इलाज हाय. रेग्युलेटरची व्होल्टेज पाहाणारी जी सेन्स वायर राह्यते तिच्यात एक डायोड टाकायचा. रेग्युलेटरले वाटते व्होल्टेज कमी हाय, मग तो अर्धा-पाऊण व्होल्ट वाढवून देते. आपल्या दोन गाड्यांत केलेलं हाय.

वायरिंगमास्तर_वर्धा
केलेलं असेल, पण या भाऊंनी करू नये. ज्या वेळी लोड नसेल, कळमन्याहून रिकामी गाडी दिवसा परत येत असेल, तेव्हा बॅटरीला १४.८-१४.९ जाईल. आपल्याकडच्या उन्हात, बोनटखाली, बॅटरीचं पाणी उकळून जाईल. आणि स्लोमध्ये अल्टरनेटर आधीच जेवढं जमतं तेवढं देऊन मोकळा झालाय, त्याला अजून दे म्हटलं तरी आणणार कुठून? अडचण आहे तिथं हा डायोड काहीच करत नाही आणि अडचण नाही तिथं नुकसान करतो.

संत्रावाला_वरुड
मास्तर, मोजलं. सगळं लिहून देतो.

रेसवर लोड देऊन: अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२, बॅटरीवर १३.०. प्लसच्या वायरीत ०.८, मायनसमध्ये ०.४.
स्लोमध्ये तोच लोड: अल्टरनेटरवर १३.१, बॅटरीवर १२.४.

प्लसची वायर जुनीच हाय, अल्टरनेटरपासून सेल्फवर (स्टार्टर मोटरवर) अन् तिथून बॅटरीवर जाते, सेल्फपर्यंतची बोटभर पण जाड नाही, ६ स्क्वेअर एमएमची असन. थिंबल हातानं हलते. इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी पार काळी-हिरवी झाली. पुली पण मोजली, जुनी ६२ एमएम, नवी ७८.

वायरिंगमास्तर_वर्धा
हे आकडे दिले हे फार बरं केलं, आता अंदाजानं बोलायची गरज उरली नाही.

रेसवर अल्टरनेटर स्वतःच्या बोल्टवर १४.२ धरून बसलाय, म्हणजे तो चांगला आहे, दुकानदार खोटं बोलला नाही. १.२ व्होल्ट वायरीत चाललंय. हिशोब करून पाहा, तांब्याची ६ स्क्वेअरची अडीच मीटर वायर असेल तर ७० अँपिअरला नुसती वायरच अर्धा व्होल्ट खाते, वरचं त्या ढिल्या थिंबलनं खाल्लं. ४५ च्या अल्टरनेटरला ती वायर कशीबशी चालून जायची. बदलताना मशीन बदललं आणि रस्ता जुनाच ठेवला, बहुतेक गॅरेजमध्ये हेच होतं, कारण गिऱ्हाईक अल्टरनेटरचे पैसे देतं, वायरीचे कोणी देत नाही.

अल्टरनेटरच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या प्लसवर २५ स्क्वेअरची तांब्याची वायर टाका, वायरीतला ड्रॉप ०.१२ च्या आसपास येईल. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते ती घेऊ नका, टोक खरडून पाहा. थिंबल हातोडीनं ठोकून नाही, क्रिंपिंगच्या मशीनवर दाबून घ्या. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसवर पण तेवढीच जाड एक वायर, आणि जुनी अर्थिंगची पट्टी बदलून चेसिसचा रंग खरडून बसवा.

स्लोमधलं वेगळं. तिथं अल्टरनेटर स्वतःच १३.१ वर खाली आलाय, म्हणजे त्याचा दम संपला, वायर कितीही जाड टाकली तरी ते भरून निघणार नाही. तिथं रातपाळीवाल्यांची पुलीच लागू पडते.

रातपाळी_हिंगणघाट
६२ त ७८, म्हणजे जवळपास सव्वापट फरक. जुनी पुलीच नव्यावर चढते का पाहा. कधी शाफ्ट १५ चा राह्यते कधी १७ चा. लेथवर भोक वाढवून भेटते पण सेंटर चुकला का पट्टा खाते, त्यापेक्षा त्याच शाफ्टची लहान पुली घ्या. जुनं डिझेल इंजिन तीन हजाराच्या वर फारसं जात नाही, लहान पुलीनं अल्टरनेटर जास्त फिरून खराब होईन याची भीती नाही. भीती पट्ट्याची हाय. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी, अन् अल्टरनेटर लोडवर आला का जड होते. लोड टाकल्यावर चीं चीं आवाज आला त समजा पट्टा घसरून राहिला.

अन् फ्लड लाइट इन्व्हर्टरवर कायले? १२ चे २३० करा अन् लाइटच्या आत पुन्हा खाली आणा. डायरेक्ट १२ व्होल्टवर चालणारे एलईडी वर्क लाइट भेटतात, ते लावा, इन्व्हर्टर फक्त काट्यासाठी ठेवा.

ब्रेकवाला_आर्वी
कोणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. या गाडीच्या अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप राह्यते, ब्रेक त्याच्यावर हलका लागते. नव्यावर तो पंप नीट बसवला का? ऑइलची लाइन येते का? बाजारात पंपाशिवायचे अल्टरनेटर पण त्याच ब्रॅकेटवर बसतात अन् मग लोक म्हणतात ब्रेक काहून दगडासारखा झाला. संत्र्याची भरलेली गाडी घेऊन रस्त्यावर निघायच्या आधी हे पाहून घ्या, व्होल्टेज नंतर. पंपाचं सील गळत असन त ऑइल आत जाते, आतले कार्बन ब्रश चिकट होतात अन् चार्जिंग पुन्हा कमी होते, तेव्हा मागून ओलं दिसते का तेही पाहा.

संत्रावाला_वरुड
पंप बसवलेला हाय जी, ब्रेक बरोबर लागते, मागून कोरडं हाय.

दोन्ही वायरी अमरावतीहून आणून टाकल्या, अर्थिंगची पट्टी पण नवी. रेसवर तोच सगळा लोड देऊन बॅटरीवर आता १३.९. स्लोमध्ये १२.८. पुली सांगून ठेवली, यायची हाय. तोपर्यंत भरताना हेडलाइट बंद, अन् डिझेल पंपाच्या स्क्रूवरून स्लो जरासा वाढवून घेतला. वर्क लाइटचं पुढच्या हिशोबात पाहू, सध्या मजुरीलेच पैसे पुरत नाही.

मास्तर एक राहिलं, या नव्या वायरीले फ्यूज लागते का? वायरमन म्हणते जाड वायरीले फ्यूज कोण टाकते.

वायरिंगमास्तर_वर्धा
लागतोच. वायर घासून चेसिसला टेकली तर अल्टरनेटर नाही, बॅटरी आग लावते, तिच्यातून शेकड्यांनी अँपिअर निघतात. १२५ अँपिअरचा बोल्टवाला फ्यूज घ्या, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. वायर सायलेन्सरपासून लांब न्या आणि जिथं पत्र्यातून जाते तिथं रबराचा ग्रोमेट टाका.