अनुभव धागा: ऑटोमॅटिक गाडीचा गिअर सेन्सर बिघडला तेव्हा तुम्ही काय तपासलंत?

धागाकर्ती, इंदिरानगर
मुंबईहून येताना कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली आणि गाडी वरचा गिअर घेईना. इंजिन नुसतं ओरडतंय, वेग वाढत नाही, चेक इंजिनचा दिवा पेटलेला. नाशकात पोचल्यावर पहिल्या गॅरेजने स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, न लावताच निकाल दिला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी गाडी तिथून काढून दुसरीकडे नेली. तिथे कोड निघाला पी०७१५, म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये दोष. या सेन्सरचा सिग्नल तुटला की कंट्रोल युनिट (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) गिअरबॉक्स जपायला एकाच गिअरवर अडून बसतं, बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. सेन्सर बदलला, गाडी पूर्ववत झाली, गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.
पहिल्या ठिकाणी मान डोलावली असती तर केवढ्याला पडलं असतं! म्हणून हा धागा. तुमच्याकडे दोष सेन्सरमध्ये निघाला की वायरमध्ये, आणि तो कसा सापडला, ते सविस्तर लिहा.

पंचवटीकर
आमचं घर नदीजवळ. गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा गाडीची चाकं निम्मी बुडाली होती. महिन्याभराने त्रास सुरू झाला. पी (पार्किंग) मध्ये गाडी स्टार्टच होईना, एन (न्यूट्रल) मध्ये टाकली की लगेच व्हायची. रिव्हर्सचा दिवाही कधी लागे, कधी नाही. लिव्हर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला बसवलेला असतो, त्यात पाणी शिरलं होतं. मेकॅनिकने माझ्यासमोर कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडला. पिनांवर हिरवा थर, आणि रबरी सील एका बाजूने दुमडलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनरने थोडे दिवस भागलं, शेवटी सेन्सर बदलला. नवा बसवताना तो एन च्या खुणेवर नीट जुळवावा लागतो, नाहीतर तोच त्रास परत.

सातपूरकर
मी एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सला आहे, त्यामुळे असे सेन्सर रोजच्या हातातले. आधी वायरी मोजा. दोन वायरींचा असेल तर बहुधा आत कॉइल असते, ती मीटरवर ओहममध्ये मोजता येते. आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडायचा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. तीन वायरींचा बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय बदल ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर. तो ओहमवर मोजण्यात अर्थ नाही. कपलरवर सप्लाय आणि अर्थिंग येतंय का ते आधी बघा, मग सिग्नल.
त्याहून महत्त्वाचा लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे आकडे. गाडी चालती ठेवून शेजारच्याला स्कॅनरवर इनपुट आणि आउटपुटचे (गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे) आरपीएम बघायला सांगा. खड्ड्यात आदळली की आकडा क्षणभर शून्यावर येतो? मग सेन्सर विकत घेण्याआधी वायरिंग हलवून बघा. आणि सेन्सर काढलाच तर त्याचं टोक पुसून बघा. चुंबक असलेल्या टोकावर लोखंडी कीस चिकटतो. बारीक करडी पूड थोडीफार असतेच, पण हाताला टोचणारे कण असतील तर आतलं काहीतरी झिजतंय, तिथे नुसता सेन्सर बदलून भागणार नाही.

नाशिकरोडहून
उंदीर! वायर कुरतडलेली. तुकडा जोडून, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. सेन्सर उत्तम होता.

दिंडोरीचा बागाईतदार
माझी एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप बदलते. सकाळी थंडीत गिअर पडायचा नाही, डॅशबोर्डवर एन लुकलुकत राहायचा. सगळे सेन्सर सेन्सर करत होते. एका जुन्या इलेक्ट्रिशियनने स्टार्टर मारताना बॅटरीचं व्होल्टेज मोजलं, ते फारच खाली जात होतं. एएमटीत क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा विजेवरच चालते, व्होल्टेज पडलं की कोड यायचेच. बॅटरी बदलली, कोड पुसले, पुन्हा आले नाहीत.

धागाकर्ती
सातपूरकर दादा, सेन्सर बदलल्यावर कोड पुसला की काम झालं का? माझी गाडी पहिले काही किलोमीटर जरा झटके देत होती.

सातपूरकर
ताई, काही गाड्यांना स्कॅनरने रीलर्न द्यावं लागतं, म्हणजे कंट्रोल युनिटला गिअर बदलणं पुन्हा शिकवावं लागतं, काही चालता चालता शिकतात. झटके थांबले असतील तर काळजी नको. एकदा घाटात नेऊन आणा आणि परत स्कॅन करा. चढावर लोड आल्यावरही कोड आला नाही तर दुरुस्ती पक्की. गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग आणि वासही बघून घ्या. काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर तेवढं लगेच दाखवा.