१९६९ च्या फियाट ११०० डी साठी गिअरबॉक्स: मूळ जातीचा की फ्लोअर शिफ्टचा?

प्रश्न (नाशिक)
वडिलांनी वापरलेली १९६९ ची फियाट ११०० डी माझ्याकडे आहे. गाडी चालत असताना पहिला गिअर टाकला की दात घासल्याचा आवाज येतो, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच दुसरा गिअर आपोआप सुटतो. मिस्त्रींच्या मते गिअरबॉक्स बदलणे भाग आहे. त्यांच्याकडे प्रीमियर ११८ एनई या मोटारीचा फ्लोअर शिफ्ट (दांडा खाली जमिनीतून वर येणारा) गिअरबॉक्स आहे, पण तो बसवताना मधला पत्रा कापावा लागेल. स्टिअरिंगजवळचा दांडा जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (पुणे)
आपल्या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. या गाडीत सिंक्रोमेश (वेग जुळवून गिअर सहज बसवणारी रचना) फक्त दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला आहे, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना होणारी घरघर हा बिघाड मानू नये; गाडी पूर्ण थांबवून किंवा डबल क्लच करूनच (मधे न्यूट्रलवर आणून क्लच दोनदा दाबून) तो टाकावा. दुसरा गिअर सुटणे मात्र गंभीर आहे. तरीही गिअरबॉक्स उतरवण्याआधी दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या लिंकेजचे (जोडदांड्यांचे) बुश तपासावेत, कारण ते झिजले की दांडा पूर्ण हलवूनही आत गिअर अर्धवटच बसतो. बुश बदलून जोडणी नीट केल्यावरही गिअर सुटत असेल, तरच आतील सिलेक्टर फोर्क, स्प्रिंग आणि बेअरिंगकडे वळावे.

उत्तर (मुंबई)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. बदलायचाच झाला, तर कॉलम शिफ्टच्या (स्टिअरिंगजवळ दांडा असलेल्या) प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीचा, गिअरबॉक्स शोधावा. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात २००० च्या आसपासपर्यंत बनत होती, त्यामुळे तो आजही मिळू शकतो. विकत घेण्यापूर्वी तो आपल्या गिअरबॉक्सशेजारी ठेवून इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (खाचा), शाफ्टची लांबी, माउंटिंगची भोके आणि स्पीडोमीटर केबलची जागा मोजून घ्यावी. गिअरबॉक्स उतरलेला असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश पाहून घ्यावेत. बसवताना सर्वाधिक नुकसान घाईने होते: शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरल्यानंतर गिअरबॉक्स जॅकचा आधार न देता लटकत ठेवला, तर प्लेटचा हब वाकतो आणि नंतर क्लच कधीच स्वच्छ सुटत नाही. बोल्ट आवळून बेल हाउसिंग (क्लचवरचे आवरण) ओढून घेणे तर कटाक्षाने टाळावे. ते हातानेच टेकले पाहिजे, आणि टेकत नसेल तर प्लेट मध्यावर नाही असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

उत्तर (कोल्हापूर)
पत्रा कापण्याविषयी एक महत्त्वाची बाब नमूद करतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. परंतु चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट त्यात आहे. आपली गाडी वयाने पात्र ठरते. पत्रा कापल्यास ही वाट अडचणीची होऊ शकते, आणि कापलेला पत्रा पुन्हा मूळ स्थितीत आणणे फार अवघड असते.

प्रश्नकर्ता (नाशिक)
सर्वांचे आभार. आधी लिंकेजचे बुश बदलून घेतो. मूळ गिअरबॉक्स उघडावा लागला, तर तेल कोणते वापरावे?

उत्तर (मुंबई)
गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीचे जीएल-४ दर्जाचे तेल घ्यावे. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील गंधकयुक्त रसायने सिंक्रोमेशच्या पितळी रिंगांना अपायकारक ठरू शकतात.