मदत हवी आहे: एलईडी मासेमारीचा विषय मच्छीमारांच्याच मुलांना कसा शिकवावा?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवते. बहुतेकांच्या घरी छोटी होडी आहे, नाहीतर वडील दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून जातात.

कासवांचा विषय आमच्याकडे सहज रंगतो. मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि वाळू अधिक उबदार असेल तर त्यांत माद्या जास्त निघतात, हे मुले पाहुण्यांनाही सांगतात. किनाऱ्यावरचे प्लास्टिकही उत्साहाने गोळा करतात. त्यात कोणाचेच नाव येत नसल्यामुळे ते सर्वांनाच सोयीचे असते, हा भाग वेगळा.

अडचण पुढे आली. प्रखर एलईडी दिव्यांच्या उजेडाकडे मासळी ओढली जाते आणि लहानमोठी सगळीच जाळ्यात सापडते, म्हणून केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, असे मी सातवीला सांगत असताना एका मुलाने उभे राहून विचारले, "बाई, माझे पप्पा तसल्याच बोटीवर जातात. मग ते चोर काय?" वर्ग हसला. मी काहीतरी सारवासारव केली. दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई येऊन अजिबात न रागावता म्हणाली, "बोट आमची नाही, बाई. मालक सांगेल तिथे जायचे. पोराला त्यात कशाला ओढता?"

तिचे म्हणणे मला पटले, तरी विषय सोडून देणे पटत नाही, कारण पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, किती मासळी लागायची हे ही मुले आजोबांकडून रोज ऐकतात आणि आता ती का लागत नाही, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता हे कसे शिकवावे? किनारपट्टीवरील शिक्षकांनी प्रत्यक्ष केलेले उपक्रम कळवल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

बाई, मी सिंधुदुर्गात बरीच वर्षे शिकवले. कायद्यापासून सुरुवात करू नका, जाळ्यापासून करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि तेव्हा अंगणाअंगणात जाळी विणण्याचे काम चाललेले असते. त्या मुलाच्या वडिलांनाच वर्गात बोलवा आणि जाळ्याच्या कोणत्या आसातून (छिद्रातून) कोणता मासा सुटतो, एवढेच दाखवायला सांगा. त्या दिवशी ते शिक्षक असतील. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला की मुलांच्या हाती पट्टी द्या. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची पकडण्यासाठीची किमान लांबी ठरवून दिली आहे. सिल्व्हर पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, सुरमईसाठी ३७०. ही मर्यादा कशासाठी, हे मुलांनाच विचारा. माशाने निदान एकदा तरी अंडी घातलेली असावीत, हे मच्छीमारांच्या मुलांना फारसे समजावून सांगावे लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. जाळ्याचा तास जूनमध्येच ठेवते. एक शंका मात्र आहे. मासे मुले घरूनच आणणार. ज्याचा मासा पट्टीला कमी भरेल, त्याला वर्ग पुन्हा हसणार नाही का?

प्रतिसाद

हसेल. म्हणून मोजण्याआधी सगळे मासे एकाच टोपलीत ओतायचे आणि कोणाचा कोणता, हे कोणीच विचारायचे नाही, तुम्हीसुद्धा. वहीत फक्त जात आणि लांबी लिहून घ्या.