दंड वाढत नाहीये, काय चुकतंय?

जळगावकर: भाऊ, ८ महिने झाले जिमला जातोय, रोज बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) मारतो तरी दंड १३ इंचावरच अडकलाय, शर्टाची बाही अजून ढगळच. काय करू?

धुळ्याचा गडी: रोज नको मारू रे, आठवड्यातून दोनदा पुरे. आणि ट्रायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचं काय? दंडाचा जास्त भाग तर मागचाच असतो, क्लोज ग्रिप बेंच (बाकावर झोपून, हात जवळ धरून बार वर ढकलणं), डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) घे, ८ ते १२ रेप्स, म्हणजे एका दमात तितक्या वेळा, १२ नीट निघाले की मगच वजन वाढव, कर्ल (कोपरातून डंबेल वर उचलणं) मारताना कंबर हलवू नको, डंबेल सावकाश खाली आण.

भुसावळवाली: खाण्याचं पण बघ. माझा भाऊ नुसती केळी खायचा, फरकच पडेना. रोज तुझ्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धर, कळण्याच्या भाकरीसोबत अंडी, दही वाढव.

जळगावकर: ट्रायसेप्स खरंच कधी मारलं नाही दादा. सोमवारपासून डिप्स चालू.