जावास्क्रिप्ट: 'रात्री १२:१५' चे मिलिसेकंद कसे काढायचे?

मांडवीकाठ:
रायबंदर-चोडण फेरीबोटीसाठी छोटं वेबपेज करतोय, पुढची फेरी किती मिनिटांनी एवढंच दाखवायचंय. वेळा मराठीत टाइप करून आल्यात, 'सकाळी ६:४५', 'रात्री १२:१५' अशा. मला मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद पाहिजेत पण डेट.पार्सला (तारीख-वेळेचा मजकूर वाचणारं फंक्शन) दिलं की एनएएनच, म्हणजे 'हा आकडा नाही', येतं. लायब्ररी नको, धक्क्यावर उभं राहून मोबाईलवर पटकन उघडलं पाहिजे.

फोंड्याहून:
डेट.पार्सला तारीख लागते रे, नुसती वेळ त्याला कळत नाही. 'सकाळी' वगैरे शब्द बाजूला काढ, उरलेल्याचे कोलनवर तुकडे (स्प्लिट) कर, तास गुणिले ३६००००० अधिक मिनिटं गुणिले ६००००, झालं. घोळ सगळा १२ चा असतो, म्हणून आधी तासाला १२ ने भागून बाकी घे म्हणजे १२ चा शून्य होतो, मग दुपार-संध्याकाळ असेल तर १२ मिळव. दुपारी १२:१५ ला १२ तास परत येतात, रात्री १२:१५ चे फक्त ९००००० उरतात. 'रात्री' शब्दावर मात्र विसंबू नको, रात्री १०:३० म्हणजे २२:३० पण रात्री १:३० म्हणजे १:३०च! तिथे बाकी ६ च्या वर असेल तरच १२ मिळव.

मांडवीकाठ:
केलं, तरी एनएएन. नुसत्या '६' लासुद्धा पार्सइंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) एनएएन देतं??

पेडण्याची_बाय:
अंक देवनागरी आहेत ना, ते पार्सइंट वाचतच नाही. पायथन भाषेतलं तसंच फंक्शन, इंट, '१२' बरोबर घेतं, जावास्क्रिप्ट नाही घेत. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, देवनागरी शून्य २४०६ वर आणि नऊ २४१५ वर, ओळीने आहेत, तेव्हा स्प्लिटच्या आधी रिप्लेस लावून प्रत्येक अंकाच्या कोडमधून २४०६ वजा कर. सकाळी ६:४५ चे २४३००००० आले पाहिजेत, ते तपासून बघ.

दुबईतला_गोंयकार:
आणखी एक, 'आत्ता किती वाजले' फोनच्या स्थानिक वेळेतून घेऊ नकोस प्लीज. मी इथून घरच्यांसाठी बघितलं तर दीड तासाचा फरक पडेल. डेट.नाऊ मध्ये (जागतिक वेळेप्रमाणे १९७० पासूनचे मिलिसेकंद, कुठेही सारखेच) १९८००००० मिळव, ते आपले साडेपाच तास, आणि ८६४००००० ने भागून बाकी घे, भारतातले मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद मिळतात, आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करत नाहीत त्यामुळे हा आकडा बदलत नाही. फेरीच्या वेळेतून हे वजा करून उत्तर उणे आलं तर ८६४००००० मिळव, नाहीतर रात्री ११:५० ला १२:१५ ची फेरी निघून गेली असंच दिसेल.