विषय: पणजोबा, लोटा आणि १९६२

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीचं चाललंय त्यात हे मध्येच. डिसेंबरात तीन आठवडे बडोद्याला जातोय. बाबांच्या मनात आहे, त्यांच्या आजोबांची काही माहिती लिहून ठेवावी. घरी त्यांना नुसतं 'अण्णा' म्हणत. गायकवाड सरकारात दप्तरदार होते, मोठा दरारा होता, एवढंच सगळे सांगतात. फोटो नाही. दांडिया बाजारातलं घर विकलं तेव्हा एक पितळी लोटा तेवढा आमच्याकडे आला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि १९६२ घातलंय, म्हणजे तो नंतर कोणीतरी घेतलेला. त्याचा उपयोग नाही. सुरुवात कुठून करू?

— दांडिया बाजारवाला

चि. दांडिया बाजारवाला,

लोट्याचा उपयोग नाही कसा? त्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ आहे का बघ. नसेल तर नाव गुजरातीत आहे. बडोद्यात मराठी घरातली भांडीसुद्धा कंसाऱ्याकडूनच, म्हणजे गुजराती कासाराकडूनच, नाव घालून यायची. मग ते साल बहुधा विक्रम संवत. ५७ वजा कर, १९०५-०६ येतं. लग्नातलं भांडं असणार.

दुसरं, बडोद्याला कोठीच्या सरकारी दप्तरखान्यात जाऊन 'अण्णा' शोधू नकोस. मी तो शहाणपणा चार दिवस केलाय. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तरी जुने कागद पुष्कळसे तिथेच आहेत. पण ते माणसाच्या नावाने लावलेले नाहीत, खात्याच्या नावाने लावलेत. रुमालात, म्हणजे फडक्यात बांधलेले, त्यातही बरेच मोडी लिपीत. खातं आणि साल हातात नसेल तर नुसती धूळ खायची.

त्याआधी नाशिकला जा. मूळ गाव सांगितलंस की तुमचे उपाध्ये कोण ते रामकुंडावर कळेल. त्यांच्या नामावळीत आलेला माणूस स्वतः लिहून जातो: बाप, आजा, भाऊ, मुलगे, मुक्काम. बायकांची नावं फारशी सापडणार नाहीत, आधीच सांगून ठेवते.

— रावपुऱ्याची माई

माई,

कालच नाशिकहून परत आलो. गुरुजींनी आडनावाआधी गाव विचारलं. वाईकडचं म्हटल्यावर आतून बाड आणलं. अर्ध्या तासाने अण्णा सापडले! मोडीत दोन ओळी, शब्दाशब्दांत फटच नाही. गुरुजी बोट ठेवून वाचत होते: हल्ली वस्ती बडोदे, चाकरी दप्तरी, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो.

मी म्हटलं, दप्तरदार असेल, पुन्हा बघा ना. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. दप्तरीच.

म्हणजे कचेरी हाताखाली असलेला नव्हे, कचेरीतले कागद लावून रुमाल बांधणारा. बाबांना फोनवर सांगायला जिवावर आलं होतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तरीच रद्दीसुद्धा कोपऱ्याला कोपरा जुळवून बांधायचे. सुतळीची गाठ अशी, की एक टोक ओढलं की सुटावी. आम्हाला कोणालाच जमली नाही." इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती.

नावाखाली एक धाकटा भाऊही लिहिलाय. तो घरात कोणालाच माहीत नाही.

— दां. बा.

चि. दां. बा.,

बरं झालं. दप्तरदारच शोधत बसला असतास तर जन्मात सापडले नसते. आता कोठीत हुद्दा आणि साल सांगून विचार. आणि 'हा रुमाल माझ्या पणजोबांनीच बांधला असेल' असलं काही मंडळाच्या अंकात लिहू नकोस हं, ती फडकी मधल्या काळात कितीदा बदलली असतील.

त्या भावाचं नाव इथे टाक. सयाजीगंजात आमच्या शेजारी वाईकडचं एक बिऱ्हाड होतं, आडनाव तुमचंच. तेव्हा कधी विचारलं नाही.

लोट्यावर रेघ होती का, ते राहिलंच.

— माई

नव्हती.

— दां. बा.