कारण न कळलेला पहिला मृत्यू : नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांचे अनुभव

अंगावर जखम नाही, खुराड्याला कुठे भगदाड नाही, आदल्या संध्याकाळी दाणेही नीट टिपलेले, आणि तरी सकाळी कोंबडी मेलेली. ज्यांनी नुकत्याच चार-सहा कोंबड्या पाळायला घेतल्या आहेत त्यांना असा मृत्यू दुहेरी पेचात टाकतो. गेलेल्या पक्ष्याचे दुःख करावे की उरलेल्यांसाठी धावपळ करावी, हेच उमगत नाही. रोगांची यादी वाचायला घ्यावी, तर त्यातला प्रत्येक रोग आपल्याच खुराड्यात शिरला आहे असे वाटू लागते. म्हणून ज्यांच्याकडे असा मृत्यू होऊन गेला आहे, त्यांनी तो सविस्तर लिहावा ही विनंती. कारण सापडले असो वा नसो, दोन्ही प्रकारचे अनुभव हवे आहेत. किंबहुना न सापडलेल्यांचे अधिक, कारण ते सहसा कोणी लिहीत नाही. प्रत्यक्ष काय दिसले आणि नंतर काय अंदाज बांधला, हे मात्र कृपया वेगवेगळे लिहावे.

* * *

आमची गेलेली कोंबडी कळपातली सर्वांत धष्टपुष्ट होती आणि त्यामुळेच धक्का मोठा होता. आजारी पक्षी आधी रोडावतो, मग सुस्तावतो आणि मग जातो, असा क्रम मी गृहीत धरला होता. पशुवैद्यकांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या वजनाचा आणि दुसरा तुऱ्याच्या रंगाचा. तुरा पांढरट पडला होता. त्यांनी कलेवर घेऊन यायला सांगितले, आणि ते कसे जपायचे हेही सांगितले. ते इथे मुद्दाम नोंदवतो, कारण त्या गडबडीत हे कोणालाच सुचत नाही. कोंबडीच्या शरीराचे तापमान जिवंतपणी ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि मेल्यावरही पिसे ती ऊब धरून ठेवतात, त्यामुळे आतले अवयव झपाट्याने खराब होतात. म्हणून हातमोजे घालून कलेवर साबणाच्या थंड पाण्यात बुडवावे, पिसे कातडीपर्यंत भिजू द्यावीत, मग दुहेरी पिशवीत बांधून फ्रिजमध्ये, अन्नापासून दूर ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठताना पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही वाचता येत नाही. शक्यतो २४ तासांच्या आत पोहोचवावे.

शवविच्छेदनात पोट रक्ताच्या गुठळ्यांनी भरलेले निघाले. यकृत मोठे, पिवळट आणि बोटाने दाबले तर चुरा व्हावा इतके ठिसूळ झाले होते. यकृतात चरबी साठून ते फाटण्याचा हा विकार भरपूर अंडी देणाऱ्या जड कोंबड्यांत होतो, उन्हाळ्यात त्याचे प्रमाण वाढते, आणि तो एकीकडून दुसरीकडे पसरत नाही. हे शेवटचे वाक्य ऐकले तेव्हा मला किती हायसे वाटले ते सांगता येणार नाही. बाकीच्यांचे खाद्य आम्ही तेच ठेवले, वरून दिला जाणारा मका मात्र कमी केला.

* * *

आमच्याकडे शवविच्छेदनाची सोय हाताशी नव्हती आणि आमच्या कोंबडीचे कारण आजही माहीत नाही. तरीही पुरण्यापूर्वी मी तिला नीट पाहिले, आणि ते पाहणे फार उपयोगी पडले असे आता वाटते. छातीचे मधले हाड चाचपले. ते धारेसारखे वर आलेले असेल तर पक्षी बरेच दिवस आतून खंगत होता असे समजतात. आमचीचे मांस दोन्ही बाजूंनी भरलेले होते. गळ्याखालची अन्नपिशवी दाण्यांनी भरलेली होती, म्हणजे रात्री दांडीवर जाईपर्यंत ती खात होती. मागच्या बाजूची पिसे स्वच्छ होती, त्यामुळे हगवण बहुधा नसावी. पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा नव्हत्या. रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या फटी तपासल्या, कारण तांबडे माइट दिवसा तिथे दडून राहतात आणि अंधारात कोंबड्यांचे रक्त शोषतात, तेही नव्हते. एवढ्यावरून मी इतकेच म्हणू शकते की ती खंगून गेली नाही, अचानक गेली. याहून पुढे मला जाता आले नाही, आणि बरेच दिवस मन तिथेच घुटमळत राहिले: पाणी बदलले होते का, दार वेळेवर लावले होते का, काल ती जरा बाजूला बसली होती का? कोंबडी हा दुसऱ्यांचे भक्ष्य होणारा प्राणी असल्याने आजार शक्य तितका लपवतो, हे कळल्यावर त्या प्रश्नांची धार थोडी कमी झाली. पूर्ण गेली असे म्हणणार नाही.

* * *

मी मोठ्या संख्येने पक्षी पाळतो, तेव्हा नव्या लोकांना एक भेद स्पष्ट सांगावासा वाटतो. एक मृत्यू आणि मरतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी कोंबडी गेली, बाकीच्या खातात-पितात, अंडी नेहमीइतकी मिळतात, तर निरीक्षण वाढवावे आणि स्वतःला थोडी उसंत द्यावी. याउलट, पाठोपाठ दुसरी-तिसरी गेली, तुरे निळे-जांभळे पडले, डोके सुजले, हिरवट पातळ शिट दिसू लागली, माना वाकड्या होऊ लागल्या किंवा अंडी एकदम घटली, तर मानमोडी किंवा बर्ड फ्लू यांसारख्या रोगाची शक्यता धरून चालावे. अशा वेळी घरच्या घरी कलेवर फाडून बघण्याची हौस करू नये. उघड्या हाताने स्पर्श टाळावा, पक्षी, अंडी, भुसा काहीही बाहेर जाऊ देऊ नये आणि सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला ताबडतोब कळवावे. 'आपल्या चार कोंबड्यांसाठी कशाला कोणाला त्रास द्यायचा' हा संकोच इथे घातक ठरतो.

* * *

आमचा अनुभव पिल्लांचा आहे. पहिले पिल्लू गेले तेव्हा सर्वांनी 'अशक्त होते' म्हणून सोडून दिले, आणि खरोखर ते इतरांपेक्षा लहान होतेही. दुसरे पिल्लू पिसे फुलवून, पंख खाली सोडून कोपऱ्यात बसू लागले तेव्हा आम्ही जमिनीवर अंथरलेला भुसा उलटून पाहिला, तर शिटेत रक्त होते. विष्ठेच्या तपासणीत रक्ती हगवणीचे जंतू सापडले. आयमेरिया नावाच्या या परजीवीची बीजे शिटेबरोबर बाहेर पडतात आणि ओल, ऊब व हवा मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात; नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत, कोरडेपणाला मात्र वचकून असतात. म्हणून औषधाइतकेच महत्त्व पाण्याच्या भांड्याभोवतालचा ओला भुसा रोज काढण्याला आहे. पिण्याच्या पाण्यातून अँप्रोलियम दिले. ते काम करते कारण ते जीवनसत्त्व ब-१ सारखे दिसून परजीवीला फसवते. त्यामुळे त्याच दिवसांत 'ताकदीसाठी' म्हणून ब-जीवनसत्त्वाचे थेंब दिले तर औषधाचा जोर कमी होतो. ही गोष्ट पशुवैद्यकांनी आपणहून सांगितली म्हणून कळली. पहिले पिल्लू त्यानेच गेले का, हे मात्र कोणी खात्रीने सांगू शकले नाही.

* * *

कलेवर प्रयोगशाळेत पाठवले, आणि अहवाल आला : निश्चित कारण आढळले नाही. उत्तर मिळवण्यासाठी एवढा खटाटोप करून हाती कोरा कागद यावा, याचा मला रागच आला होता. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोललो तेव्हा समजले की काही मृत्यू मागे खूणच ठेवत नाहीत. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते. कवच घडायला जवळजवळ २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, म्हणजे कोंबडी काही खात नसताना, घडतो. तेव्हा ती आपल्या हाडांतले कॅल्शियम काढून वापरते. त्या वेळी रक्तातले प्रमाण फार घसरले तर ती दांडीखाली मेलेली सापडते आणि शवविच्छेदनात पोटातल्या तयार होत असलेल्या अंड्याखेरीज बोट ठेवण्यासारखे फारसे काही दिसत नाही. आमच्या कोंबडीच्या पोटात तसे अंडे होते. पण अंडी देणाऱ्या कुठल्याही कोंबडीच्या पोटात ते असू शकते, म्हणून डॉक्टरांनी ते कारण म्हणून लिहिले नाही. त्यांचा हा काटेकोरपणा तेव्हा मला खटकला होता. आज मात्र पटतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायला आम्ही त्यानंतर सुरुवात केली. तो उपाय होता की केवळ मनाचे समाधान, हे मला सांगता येणार नाही.

आणखी एक. कोंबडीचा रानटी पूर्वज, तांबडा रानकोंबडा, त्याची मादी वर्षाला १०-१५ अंडी घालते. आजच्या संकरित जाती ३०० च्या घरात जातात. वाढत्या वयात अंडाशयाच्या गाठी आणि पोटात अंड्याचा बलक सांडून होणारी सूज या गोष्टी त्यांच्यात इतक्या का आढळतात, हे या दोन आकड्यांवरून समजावे. या कोंबड्या आपल्याकडे येतात त्या हे ओझे घेऊनच.

* * *

आमच्या घरी प्रश्न कारणाचा नव्हता, मुलीचा होता. कोंबडीला नाव तिनेच ठेवले होते. कोंबडी 'झोपली' असे सांगू नये, असे मला वाटत होते, आणि 'कशाने मेली' याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. 'आम्हालाही माहीत नाही' असे सरळ सांगितले. तिने ते आमच्यापेक्षा सहज मान्य केले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: बाकीच्यांना कळले का? कळपाचे वागणे खरोखर बदलले होते. एकीने तिची दांडीवरची जागा घेतली, त्यावरून दोन दिवस चोची चालल्या, मग सारे स्थिरावले. 'एका कोंबडीसाठी एवढे काय' म्हणणारे नातेवाईक भेटलेच. त्यांच्याशी वाद घातला नाही, पण त्यांचे म्हणणे पटलेही नाही.

* * *

वरील बहुतेकांनी लिहिलेले पटले, फक्त एका गोष्टीवर कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. माझी एक तलंग (तरुण कोंबडी) गेल्यावर ओळखीच्या प्रत्येकाने उरलेल्या सर्वांना पाण्यातून प्रतिजैविक देण्याचा सल्ला दिला. मी दिले नाही. जिवाणूंचा आजार आहे असे काहीही दिसत नसताना ते दिले, तर विषाणूवर आणि फाटलेल्या यकृतावर त्याचा उपयोग नाही, अंडी ठरावीक काळ खाण्यातून वगळावी लागतात, आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू न पडण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी वहीत रोजची अंडी, खाद्य आणि शिटेची स्थिती टिपत राहिले. हातांना काहीतरी काम मिळाल्याने माझीही घालमेल कमी झाली.

रिकामी जागा लगेच भरण्याची घाई मात्र करू नये, या मताची मी आहे. उरलेल्या ठणठणीत आहेत हे काही आठवडे पाहिल्यावरच दोन नव्या तलंगा आणायचे ठरवले आहे. त्यांना सुमारे ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांवर ठेवणार आहे. आधी जुन्यांचे दाणापाणी उरकायचे, मग नव्यांकडे जायचे आणि परतताना हात धुऊन चपला बदलायच्या, हा क्रम घरातल्या सर्वांना आतापासूनच सांगून ठेवला आहे.